आविष्कारचं पोस्टर: एक मीटर चौरसात काय ठेवायचं, काय गाळायचं

स्पर्धेचं पत्रक हाती आलं की आधी दोनच गोष्टी शोधा: पोस्टरचं माप आणि पोस्टरवर काय छापायला मनाई आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेच्या पत्रकांत सहसा १ मीटर × १ मीटर असं माप दिलेलं असतं. परिषदांमध्ये बहुधा ए-० म्हणजे ८४.१ × ११८.९ सेंटिमीटर असतं, आणि ते उभं हवं की आडवं हेही बघावं लागतं. काही ठिकाणी महाविद्यालयाचं नाव दिसलं तरी पोस्टर बाद करतात, नुसता सांकेतिक क्रमांक चालतो. पुढचे सगळे आकडे १ मीटर चौरस धरून आहेत.

पॉवरपॉइंट उघडण्याआधी हाती आलेलं उत्तर एका वाक्यात लिहून काढा. समजा, प्रकल्प विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटचा आहे. ‘अमुक तालुक्यातील विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटच्या प्रमाणाचा चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकातून काय सापडलं ते कळत नाही. ‘२४ पैकी ९ विहिरींत नायट्रेट मर्यादेबाहेर, नऊही उसाच्या पट्ट्यातल्या’ हे वाचलं की माणूस थांबतो. नोंदणीचं शीर्षक बदलता येत नसेल तर ते वर राहू द्या आणि हे वाक्य त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत घ्या. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या संशोधक विद्यार्थ्याने मधोमध एकच ठळक वाक्य आणि कडेला तपशील असा आराखडा मांडला, तो बराच गाजला. परिषदेत तो छान चालतो. स्पर्धेत मात्र परीक्षकाला पद्धतीचेही गुण द्यायचे असतात. ती पोस्टरवर नसेल तर तो गुण देणार कशाला?

स्लाइडचं माप सुरुवातीलाच १०० × १०० सेंटिमीटर करा. नेहमीच्या आडव्या स्लाइडवर काम करून शेवटी ताणलं की चौकटी सरकतात आणि चित्रं फाटतात. चारी बाजूंना ३ सेंमी समास, रकान्यांमध्ये अडीच सेंमी मोकळी जागा सोडली की ८९ सेंमी उरतात. त्यांचे तीन सारखे भाग करण्यापेक्षा मधला रकाना ४१ आणि कडेचे २४-२४ ठेवा. डावीकडे प्रश्न, उद्दिष्ट, पद्धत, मध्ये निकाल, उजवीकडे निष्कर्ष, मर्यादा, संदर्भ. सगळा मजकूर ४०० शब्दांच्या आत बसवा. प्रस्तावनेला चार ओळी पुरतात. नायट्रोजन चक्राची आकृती परीक्षकाला पाठ असते, ती नको. खालच्या २० सेंटिमीटरमध्ये महत्त्वाचं काही ठेवू नका. तिथलं वाचायला कुणी वाकत नाही.

अक्षरांचं माप: शीर्षक ९० पॉइंट, उपशीर्षकं ४४, मजकूर ३०, चित्रांखालच्या ओळी २४. इंग्रजी पोस्टरसाठी मजकूर २४ पॉइंट पुरतो असं म्हणतात, पण त्याच पॉइंटला देवनागरी अक्षर बारीक दिसतं. ओळींमधलं अंतर १.२ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत शिरतो. अधोरेखन नको, तेही उकारच कापतं. फाँट युनिकोडच हवा: ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची अगम्य चिन्हं होतात.

तपासायची सोपी रीत म्हणजे पोस्टर ए-४ कागदावर २० सेंमी रुंद छापून डोळ्यांपासून ३० सेंमीवर धरायचं. दोन्ही मापं पाचपट लहान झाल्यामुळे हे दीड मीटरवर उभं राहून वाचण्यासारखंच असतं. इथे जे अडेल ते सभागृहातही अडणार.

आता आलेख, कारण बहुतेक पोस्टरं इथेच घसरतात. एक्सेलने काढून दिलेला आलेख असा असतो: २४ उभे निळे स्तंभ, गावांची नावं तिरकी, मागे राखाडी रेघांची जाळी, बाजूला ‘सीरीज १’. तो तसाच डकवू नका. स्तंभ आडवे करा म्हणजे नावं सरळ वाचता येतील. वर्णानुक्रम मोडून सर्वांत जास्त नायट्रेट वर, कमी खाली अशी मांडणी करा. ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरवर एक रेघ मारून तिच्यावरच ‘आयएस १०५०० ची मर्यादा’ (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) असं लिहा. रेघेपलीकडचे नऊ स्तंभ नारिंगी, बाकीचे करडे. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना त्यातला फरक दिसत नाही. अक्षावर एकक हवंच. त्रुटीदर्शक रेघा (एरर बार) असतील तर त्या प्रमाण विचलनाच्या की प्रमाण त्रुटीच्या, ते लिहा.

आणि एककाचा सापळा ओळखा. काही किट आणि प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा, देतात. नायट्रेट काढायला त्याला ४.४३ ने गुणावं लागतं. अहवालातला १२ हा आकडा मर्यादेच्या खूप आत वाटतो. तो नायट्रोजनचा असेल तर नायट्रेट ५३ होतं, म्हणजे विहीर मर्यादेबाहेर गेली.

फोटो छापील मापाला १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके) हवा: २० सेंमी रुंदीला साधारण १,१८० पिक्सेल. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, एरवी तो दाबला जातो. पॉवरपॉइंटमधली चित्रं लहान करणारी सोयही बंद करा.

छपाईला पीडीएफ द्या, फाँट आत बसवून. दुकानदार ती कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो आणि कधीकधी तिथे जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. म्हणून ५,९०६ × ५,९०६ पिक्सेलची जेपीजीही सोबत ठेवा. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण बारीक अक्षरं त्यावर पसरट येतात. मॅट कागद बरा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटच दिसते. माप सेंटिमीटरमध्येच सांगा. ‘तीन बाय तीन’ म्हटलंत तर फूट धरले जातील आणि प्रत्येक बाजूला साडेआठ सेंमी कमी येईल. पोस्टर गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे लावल्यावर कडा भिंतीकडे वळतात. नळी हवी असेल तर कापड दुकानात ताग्याची पुठ्ठ्याची नळी मिळते. सोबत बोर्डपिना, दुहेरी टेप, कात्री आणि पेनड्राइव्ह.

सांगायला तीन मिनिटं धरा, पण अर्ध्या मिनिटाचंही तयार ठेवा. पोस्टरच्या कडेला उभे राहा, झाकून नको. सुरुवात मधल्या आलेखापासून करा: ‘सर, ही रेघ मर्यादेची, हे नऊ स्तंभ तिच्या पलीकडचे.’ मग पद्धत, मग मर्यादा. पोस्टर वाचून दाखवू नका. नोंदवही जवळ असू द्या. प्रश्न बहुतेक तिच्यातलेच येतात. २४ च का? विहिरी निवडल्या कशा? नमुने पावसाळ्याआधीचे की नंतरचे? किती तासांत तपासले?

सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच असतो: ‘उसाच्या खतामुळेच हे कशावरून? शोषखड्डे, उकिरडे, गोठे?’ प्रत्येक विहिरीपासून यांचं अंतर मोजलेलं असेल तर ते सांगा. मोजलं नसेल तर निष्कर्षात ‘उसामुळे’ नको, ‘उसाच्या पट्ट्यात आढळलं’ एवढंच हवं, आणि ही दुरुस्ती पीडीएफ दुकानात जाण्याआधी करायची.