जीमेलमधला स्पॅम असा कमी केला

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात काही घेतलं की बिलासाठी ईमेल मागतातच, आणि मग रोज लोनचे न लॉटरीचे मेल सुरू. आता मी पत्ता देताना ॲटच्या (@) आधी प्लसचं (+) चिन्ह टाकून त्या दुकानाचं नाव जोडतो, मेल माझ्याच इनबॉक्समध्ये येतो पण पत्ता कुठून फुटला ते लगेच कळते, मग त्या पत्त्यावर फिल्टर लावला की मेल थेट ट्रॅशमध्ये. काही वेबसाइट प्लस घेत नाहीत, तिथे दुसरं अकाउंट देतो. आणि अनोळखी मेलमधलं अनसबस्क्राइब बिलकुल दाबू नका राजेहो, आपला पत्ता चालू आहे हे त्यांना कळते, सरळ रिपोर्ट स्पॅम करा. सेटिंगमध्ये फोटो विचारूनच दाखवायचा पर्यायपण निवडून ठेवा, नाहीतर मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला समजू शकते.