बँकेतून फोन आला? ठेवा, आणि तुम्हीच परत लावा
"बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार आहे" असा फोन आला, तर समोरचा खरा की खोटा हे आवाजावरून कळत नाही. स्क्रीनवर दिसणारं बँकेचं नावही बनावट असू शकतं. म्हणून पारखत बसू नका.

१. काहीही न सांगता फोन ठेवा. उद्धटपणा वाटला तरी चालेल, खरा कर्मचारी समजून घेतो.
२. डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावून विचारा.

हा नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलमध्येही. कार्ड हरवलं तरी तो हाताशी राहतो.

मात्र नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबरही सापडतात.