दहशतवाद गुन्हा की युद्ध? वादविवादाला उभं राहायच्या आधी हे वाचा

गणेशोत्सवातल्या वादविवाद स्पर्धेत हा विषय निघाला की आपल्या ग्वाल्हेरची निम्मी पोरं डोळे झाकून "युद्ध" बाजू घेतात, माइकवर तावातावाने बोलतात, मग परीक्षक एक साधा प्रश्न विचारतात आणि गडी गार. म्हणून तयारी कशी करायची ते सांगतो.

सुरुवात घरापासून करा. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले आणि २६ तारखेच्या पहाटे बालाकोटवर बॉम्ब टाकणारी मिराज विमानं आपल्याच महाराजपुऱ्याच्या एअरबेसवरून उडाली होती. हे झालं युद्ध. पण तिकडे एनआयएवाले, म्हणजे दहशतवादाचा तपास करणारी केंद्राची राष्ट्रीय तपास संस्था, स्फोटात उडालेल्या मारुती इकोच्या चॅसी नंबरवरून गाडीचा मालक शोधत बसले होते, आणि ऑगस्ट २०२० मध्ये जम्मूच्या कोर्टात १९ जणांवर चार्जशीट गेली. घटना एक, फाइली दोन, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

आता तो गार करणारा प्रश्न: युद्ध म्हणता, मग पकडलेला अतिरेकी युद्धकैदी का? युद्धकैद्यावर नुसतं लढला म्हणून खटला चालत नाही, युद्ध संपलं की त्याला घरी सोडावं लागतं. उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता उलथवायला निघालेल्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या लोकांना नेमकं हेच हवं होतं, आम्ही गुन्हेगार नाही सैनिक आहोत. १९७६ मध्ये ब्रिटिशांनी नव्या कैद्यांना खास दर्जा देणं बंद केलं, १९८१ मध्ये बॉबी सँड्स ६६ दिवस उपाशी राहून मेला, त्याच्यामागे आणखी नऊ जण गेले. ज्या शिक्क्यासाठी ते जीव द्यायला तयार होते तो आपण फुकट का द्यायचा, असं उलट विचारा, टाळ्या पडतात बरं का.

अमेरिकेने दोन्हीच्या मधला रस्ता काढला, ग्वांतानामो, म्हणजे क्युबातल्या अमेरिकी नौदल तळावरचा तुरुंग, जिथला कैदी ना युद्धकैदी ना साधा गुन्हेगार. २००२ पासून तुरुंग सुरू, ९/११ च्या मुख्य आरोपीचा निकाल अजून नाही.

गुन्हा बाजू घेतलीत तर तिची लंगडी बाजू स्वतःच सांगून टाका, नाहीतर समोरचा सांगणारच. वॉरंट सीमेपलीकडे चालत नाही, २६/११ च्या केसमधला तहव्वूर राणा भारतात यायला २०२५ उजाडलं. माझं मत विचाराल तर हात पोचतो तिथे पोलीस आणि कोर्ट, पोचत नाही तिथे सैन्य, पण तेही मोजकंच.

पहलगामनंतर मे २०२५ मध्ये "पुढचा हल्ला युद्ध समजू" अशी सरकारची भूमिका बातम्यांत आली होती, ती तुमच्या तोंडावर फेकली जाणार हे धरूनच चाला. उत्तर सोपं आहे, ती तंबी पाठीराख्या देशाला, पहलगामचा तपास तरीही एनआयएकडेच दिला.

पाच मिनिटं मिळाली तर पुलवामाला दोन द्या, ग्वांतानामो एका वाक्यात उरका. कसाब मात्र खंडनासाठी राखून ठेवा: नोव्हेंबर २००८ ला जिवंत पकडला, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट सगळं होऊन नोव्हेंबर २०१२ ला फाशी, आणि त्याच खटल्यात पुरावा पुरला नाही म्हणून दोन भारतीय आरोपी सुटले. हे शेवटचं वाक्य सावकाश बोला.