पुढचं चित्र झाकून ठेवा

जूनमध्ये आमच्या शाळेत नव्या आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "बाई, तुमच्या तासाला पोरं पडद्याकडे बघून ओरडत असतात. माझ्या तासाला खाली मान घालून उतरवून घेतात. तुमच्या पीपीटीत असतं तरी काय?" मी पेनड्राइव्ह काढून दिला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत परत आल्या, चेहरा फसवल्यासारखा. "यात तर काहीच नाही!"

होतं. झाकलेलं होतं.

मी परळला मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवते. बी.एड.ला होते तेव्हा ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. पारदर्शक पानावर स्केचपेनने लिहायचं, वर कोरा कागद ठेवायचा आणि तो एकेक ओळ खाली सरकवायचा. पॉवरपॉइंट 1987 साली पहिल्यांदा आलं ते असली पारदर्शक पानं छापायला, तेही ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर आणि काळ्या-पांढऱ्यात. पुढे रंग आले, फिरणारी अक्षरं आली, टाळ्यांचे आवाज आले, आणि तो कोरा कागद तेवढा कुठेतरी राहून गेला. या लेखात मी तो परत कसा आणायचा तेवढंच सांगणार आहे.

माझं माहेर कुडाळचं. शेजारी पिंगुळी, तिथे ठाकर समाजातले चित्रकथी. चित्रांचा गठ्ठा, त्याला ते पोथी म्हणतात. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायणातली गोष्ट सांगत एकेक चित्र समोर धरायचं. लहानपणी मी पाहिलंय, पुढचं चित्र वर काढण्याआधी सांगणारा गठ्ठ्यावर हात ठेवून थांबायचा. आम्ही पोरं तेवढ्यात माना उंचावून मागचं चित्र दिसतंय का बघायचो. मला वाटतं मी शिक्षिका त्या हातामुळे झाले, पण ते असो.

आता प्रत्यक्ष कृती. माझ्या नववीच्या पावसाच्या धड्यात एक स्लाइड आहे. वर फक्त तारीख: 26 जुलै 2005. खाली दोन उभे स्तंभ. एकाखाली सांताक्रूझ, दुसऱ्याखाली कुलाबा. सांताक्रूझचा स्तंभ पडद्याच्या वरच्या कडेला भिडलेला, 944 मिलिमीटर, 24 तासांत. कुलाब्याचा झाकलेला. मी विचारते, "किती?" पोरं म्हणतात आठशे, नऊशे. समुद्राकाठचा मुलगा असेल तर हजार, कारण समुद्राजवळ जास्त पाऊस पडतो असं त्याचं ठाम मत असतं. मी प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहून घेते. लिहून घेतलाच पाहिजे, नाहीतर नंतर सगळे म्हणतात आम्ही बरोबर सांगितलं होतं. मग झाकण उघडते. 73. त्याच शहरात, त्याच दिवशी. वर्गात दोन सेकंद आवाज नसतो, आणि मग "असं कसं?" येतं. त्या "असं कसं"वर पुढचा सगळा तास चालतो. हेच दोन आकडे उघडे ठेवून दाखवले तर वहीत उतरतात आणि तिथेच राहतात.

झाकण असं बनवायचं. 'इन्सर्ट'मधून आयत काढा आणि आकड्यावर बसवा. त्याचा रंग मागच्या रंगात मिसळू देऊ नका, इथे काहीतरी लपवलंय हे शेवटच्या बाकावरून कळलं पाहिजे. मग 'ॲनिमेशन्स'मध्ये जाऊन लाल चांदण्यांच्या रांगेतला, म्हणजे वस्तू नाहीशी करणारा, 'फेड' निवडा. त्याच पट्टीवर 'ट्रिगर' आहे, त्यात 'ऑन क्लिक ऑफ' आणि पुढे त्या आयताचंच नाव. झालं. आता त्या आयतावर क्लिक केलं की तोच उडतो, दुसरा नाही. सहा झाकणं असतील तर मुलं सांगतील त्या क्रमाने उघडता येतात, आणि सगळी मजा त्यात आहे: तास कुठून सुरू होणार हे पोरं ठरवतात.

दोन अडचणी येतील. आयतांची नावं 'रेक्टँगल 7', 'रेक्टँगल 12' अशी असतात, कुठलं कुठे ते कळत नाही. 'आल्ट' आणि 'एफ10' एकत्र दाबा, उजवीकडे वस्तूंची यादी उघडते, तिथे नावं बदलून घ्या. दुसरी अडचण जास्त चिडवणारी. माउस चुकून झाकणाच्या बाहेर लागला की स्लाइडच पुढे जाते. त्यासाठी 'ट्रान्झिशन्स'मध्ये 'ऑन माउस क्लिक'समोरची खूण काढून टाका. पुढे जायला कीबोर्डवरचा बाण वापरायचा.

हे सगळं जुन्या आवृत्तीतही चालतं, म्हणून मी ते आधी सांगितलं. शाळांच्या संगणक कक्षात नवं काय असतं हे आपल्याला माहीत आहे.

फळ्यावरच पाडा

माझी सगळ्यात लाडकी युक्ती पडद्याशिवायची आहे. प्रोजेक्टरचा झोत सरळ काळ्या फळ्यावर सोडायचा.

पूर्ण काळी स्लाइड घ्या आणि तिच्यावर फक्त पांढऱ्या जाड रेघा काढा. मी मुंबईच्या सात बेटांची बाह्यरेषा काढली आहे: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. खिडक्या लावून घ्यायच्या. स्लाइडचा काळा भाग फळ्यात विरतो, रेघा तेवढ्या दिसतात. मग सात मुलांच्या हातात खडू द्यायचा आणि एकेकाने एकेक बेट गिरवायचं. स्वतःची सावली आडवी येते म्हणून ती वेडीवाकडी उभी राहतात, मागची ओरडतात, "खाली बस, खाली बस." गिरवून झालं की मी कीबोर्डवर 'बी' दाबते. पडदा काळा होतो, प्रोजेक्टरची बेटं जातात आणि खडूची उरतात. दरवर्षी या क्षणी कोणीतरी "आयला" म्हणतं. मी ऐकलं नाही असं दाखवते.

पुन्हा 'बी' दाबलं की स्लाइड परत. आता मात्र पुढची स्लाइड आणते. तिच्यावर फक्त नावं आहेत, मुलांनी काढलेल्या बेटांवर बरोबर बसणारी. उमरखाडी. पायधुनी. मी विचारते, उमरखाडीत खाडी कुठे आहे? पायधुनीला पाय कशात धुवायचे? दोन्ही ठिकाणी आज दुकानं आणि गाड्या. खाडी ओलांडून आल्यावर लोक तिथे पाय धूत म्हणून पायधुनी, असं सांगतात. मुलांना पाणी कुठे होतं ते आपोआप दिसतं, कारण समोर फळ्यावर दोन बेटांमध्ये काळी फट असते. (भोईवाड्याच्या एका मुलीने एकदा विचारलं, "बाई, मग आपली शाळा पाण्यात होती का?" तो तास मी तिथेच सोडून दिला आणि आम्ही ते शोधत बसलो.)

तुमच्याकडे पॉवरपॉइंटची नवी आवृत्ती असेल, 2019 किंवा त्यानंतरची, नाहीतर वर्गणीवाली, तर 'मॉर्फ' नावाचं ट्रान्झिशन मिळेल. बेटांच्या कडेला भरावाचे छोटे हिरवे तुकडे ठेवा. 'कंट्रोल' आणि 'डी' दाबून स्लाइडची नक्कल करा आणि नकलेत ते तुकडे ताणून फट भरा. नकलेला 'मॉर्फ' लावा, वेळ तीन सेकंद. भराव सरकत जाऊन बेटं जोडतो. मी 1838 सालची एक स्लाइड केली आहे, कुलाब्याचा कॉजवे, म्हणजे पाण्यातून भराव घालून काढलेला रस्ता. आणि 1845 ची एक, माहीमचा. प्रत्येक वेळी आधी थांबून विचारायचं: आता कुठे जोडलं जाईल? एक फट मुद्दाम झाकून ठेवते. कधीकधी पॉवरपॉइंटला पहिल्या स्लाइडवरचा तुकडा दुसऱ्या स्लाइडवर ओळखता येत नाही आणि तो सरकण्याऐवजी नुसता विरघळतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच यादीत, 'आल्ट' आणि 'एफ10'वाल्या, दोन्हीकडे तुकड्याला तेच नाव द्यायचं आणि नावाच्या आधी दोन उद्गारचिन्हं टाकायची. 'मॉर्फ' नसेल तर साधा 'फेड' लावा. तुकडे सरकणार नाहीत, उगवतील. त्यानेही काम होतं.

अक्षरांचं

हे मी ठेच लागून शिकले. एका प्रशिक्षणात मला बोलायला बोलावलं होतं. स्लाइड्स मी घरच्या संगणकावर, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये केल्या होत्या. तिथल्या संगणकात तो फॉन्ट नव्हता. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. समोर साठ शिक्षक. मी त्या दिवशी चाळीस मिनिटं नुसती बोलले, आणि खरं सांगायचं तर ते माझं बरं झालेलं भाषण होतं, पण पुन्हा नको.

तेव्हापासून फक्त युनिकोड. मी 'मुक्ता' वापरते. मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, फुकट मिळतो, ठळक रूपातही मात्रा एकमेकींना चिकटत नाहीत. फाइल जपून ठेवताना 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' या वाटेने जाऊन फॉन्ट फाइलमध्येच बसवायची खूण करा. शिवाय एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर. तिच्यात झाकणं उघडणार नाहीत, पण अक्षरं तरी दिसतील.

देवनागरीला वर मात्रा, खाली उकार. इंग्रजीत चोवीसचा आकार चालत असेल, मराठीत बत्तीसच्या खाली जाऊ नका आणि दोन ओळींत अंतर थोडं वाढवा. अक्षरांमधलं अंतर मात्र कधीही वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. स्लाइड तयार झाली की एकदा शेवटच्या बाकावर जाऊन बसा. मी बसते. तिथून 'पाणी' आणि 'पाणि' यातला फरक दिसला नाही तर आकार वाढवते.

पार्श्वभूमीबद्दल एकच सांगते. खिडक्या उघड्या असतील तर पांढऱ्यावर काळं. निळ्या-जांभळ्या रंगछटा दुपारी दोनच्या उन्हात दिसतच नाहीत.

मोठ्यांना

मोठ्या माणसांसमोर हे चालतं का, असं नव्या बाईंनी विचारलं. मुलांपेक्षा जास्त चालतं. मोठी माणसं फक्त कबूल करत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिव दरवर्षी खर्चाचा तक्ता वाचून दाखवायचे आणि लोक चहा कधी येतो ते बघायचे. एका वर्षी त्यांनी मला स्लाइड करून मागितल्या. मी पाच पट्ट्या केल्या: पाणी, वीज, पहारेकरी, लिफ्ट, दुरुस्ती. रकमा सगळ्या झाकलेल्या. "सगळ्यात मोठा खर्च कशाचा?" तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले लिफ्ट, कारण ते लिफ्टवर कायम चिडलेले असतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या पाणी. दहा मिनिटं भांडण, तेही हिशोबावर! उघडलं तर पहारेकरी. त्या वर्षी तक्त्यावर पहिल्यांदा कोणीतरी प्रश्न विचारला. सचिवांनी मला त्यानंतर बोलावलं नाही, हा भाग वेगळा.

अशा सभेत प्रश्न कुठूनही येतो. तेव्हा मागे-पुढे स्लाइड ढकलत बसू नका. स्लाइडचा क्रमांक टाइप करून 'एंटर' दाबा, थेट तिथे जाता. मी कुठल्या क्रमांकाला काय आहे ते पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून हातात ठेवते.

सगळंच झाकू नये, हेही सांगायला हवं. नव्या बाईंनी उत्साहात पहिल्या आठवड्यात प्रत्येक ओळीवर झाकण घातलं. मुलं कंटाळली आणि म्हणाली, "बाई, ते कौन बनेगा करोडपतीसारखं झालं." ज्याचा अंदाज बांधता येतो तेच झाकायचं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, हे झाकून काय उपयोग? ते पाठ असतं किंवा नसतं. पण 14 डबे होते हे उघडं ठेवा आणि ओढायला इंजिनं किती लागली ते झाकून विचारा. बोटं वर होतात: एक, एक, दोन. तीन होती. साहिब, सिंध आणि सुलतान. मग तीन का लागली असतील, यावर दहावीतला मुलगाही डोकं खाजवतो.

आणि फळ्यावर बेटं काढलीत तर एक लक्षात ठेवा. माझ्यानंतर गणिताचा तास असतो, सर येतात आणि काही न बोलता आधी परळ पुसतात. म्हणून घंटा व्हायच्या आत मी फळ्याचा फोटो काढते. दुसऱ्या दिवशी तोच फोटो पहिली स्लाइड, एका बेटावर झाकण घालून.