‘कॅन्टर’चे मराठी करताना या चुका टाळा

क्रीडा पानासाठी इंग्रजी बातम्यांचे मराठी करणाऱ्या नवोदितांची घोड्याच्या चालींपाशी हमखास फसगत होते, आणि त्यातही ‘कॅन्टर’पाशी सर्वाधिक. दुडकी चाल म्हणजे ‘ट्रॉट’ दोन ठेक्यांची, चौखूर धाव म्हणजे ‘गॅलप’ चार ठेक्यांची. या दोहोंच्या मधली, ताशी साधारण १६ ते २७ किलोमीटर वेगाची तीन ठेक्यांची दौड म्हणजे कॅन्टर. इंग्लंडमधल्या कँटरबरी येथील संत थॉमस बेकेट यांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू ज्या बेताच्या वेगाने जात असे मानले जाई, त्याला इंग्रज ‘कँटरबरी गॅलप’ म्हणू लागले आणि त्याचेच पुढे ‘कॅन्टर’ झाले. घोड्यात अजून पुष्कळ दम शिल्लक आहे, हे त्यात गृहीत असते. म्हणून ‘ॲट अ कॅन्टर’ जिंकणे म्हणजे हसतखेळत जिंकणे.

आमच्याकडच्या एका उमेदवार उपसंपादकाने कोशात ‘दौड’ एवढाच अर्थ पाहिला आणि ‘यजमानांचा धापा टाकत विजय’ असा मथळा ठोकून दिला. शेजारच्याच चौकटीत धावफलक होता: नऊ गडी आणि अकरा षटके राखून. पान तसेच छापून गेले आणि ‘धापा नेमक्या कोणी टाकल्या?’ असे एका वाचकाने पोस्टकार्डावर विचारले. मी स्वतः आधी धावफलक वाचतो आणि मगच बातमीतल्या क्रियापदाला हात घालतो. एवढाही धीर नसलेल्यांनी यंत्राकडून भाषांतर करून घेऊन वर वेळ वाचवल्याची फुशारकी मारू नये.

घोड्यांच्या शर्यतीच्या बातमीत दुसरा घोटाळा होतो. शर्यतीपूर्वी घोडे आरंभस्थानाकडे कॅन्टर करीत जातात, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरही जातात. पण महामार्गावरचा कॅन्टर ट्रक डोक्यात पक्का बसलेला असल्यामुळे ‘घोडे कॅन्टरमधून नेण्यात आले’ असे वाक्य माझ्या टेबलावर आलेले आहे. तेथे ‘संथ दौडत गेले’ पुरते. ‘भरधाव’ मात्र लिहू नये. तो शब्द गॅलपसाठी राखून ठेवावा.

‘ऑन द ट्रॉट’ म्हणजे लागोपाठ. त्यात वेगाचा काडीचा संबंध नाही. ‘ट्रॉट आउट’ म्हणजे तीच ती सबब पुन्हा पुढे करणे. ‘गॅलपिंग इन्फ्लेशन’ला ‘धावती महागाई’ म्हणणे फारच मवाळ झाले. ‘चौखूर उधळलेली महागाई’ असे मी बिनदिक्कत लिहितो.