आधी मूकवाचन, मग प्रकट वाचन: चौथीच्या वर्गासाठी

भाषेच्या तासिकेत एक पद्धत अजूनही सर्रास दिसते. नवा पाठ उघडायचा आणि पहिल्या बाकापासून एकेकाने चार-चार ओळी मोठ्याने वाचायच्या. मीही बरीच वर्षे असेच वाचून घेत असे. एकदा शेवटच्या बाकाजवळ उभी असताना एक मुलगी बोटांवर काहीतरी मोजताना दिसली. आपल्या आधी किती मुले आहेत हे मोजून तिने आपल्या वाट्याच्या ओळी शोधून ठेवल्या होत्या आणि त्याच ती पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. उरलेल्या पाठाकडे तिचे लक्षच नव्हते. तेव्हापासून मनात वाचून न झालेला उतारा मी कोणत्याही मुलाला वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावत नाही. पहिली-दुसरीत अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पक्की व्हायची असते, त्यामुळे तिथे प्रकट वाचनालाच, म्हणजे मोठ्याने वाचण्याला, अधिक वेळ द्यावा लागतो. तिसरी-चौथीपासून मात्र आधी मूकवाचन, म्हणजे मनात वाचणे, आणि मग प्रकट वाचन असा क्रम ठेवावा.

मूकवाचनासाठी ‘पाठ मनात वाचा’ एवढी सूचना पुरत नाही, कारण कशासाठी वाचायचे हे मुलाला ठाऊक नसते. पुस्तक उघडण्यापूर्वी फळ्यावर एखादा प्रश्न लिहावा आणि तो विचारपूर्वक निवडावा. समजा, उताऱ्यात असे वाक्य आहे: ‘पाऊस थांबला तसे आजोबांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि दऱ्या ओलांडत ते वाडीकडे निघाले.’ ‘आजोबा कुठे निघाले?’ असे विचारले, तर मुले ‘वाडीकडे’ हा शब्द हुडकतात आणि थांबतात. ‘आजोबा पाऊस थांबण्याची वाट पाहत होते, हे कशावरून कळते?’ असे विचारले, तर त्यांना वाक्याच्या सुरुवातीकडे परत यावे लागते, आणि असे परत येणे म्हणजेच समजून वाचणे होय. दहा-बारा ओळींना चार-पाच मिनिटे द्यावीत. ज्यांचे आधी संपेल, त्यांनी अडलेला एक शब्द आणि मनात आलेला एक प्रश्न वहीत लिहावा. या वेळात शिक्षकाने मधूनमधून सूचना देऊ नयेत. मुलांकडे नीट पाहावे.

पाहताना काहींचे ओठ हलताना दिसतील, काही ओळीखाली बोट फिरवतील. त्यांना रागावू नये, कारण सरावाने या सवयी आपोआप कमी होतात. बोटाऐवजी ओळीखाली धरायला कागदाची पट्टी दिली तरी पुरते. मात्र एरवी न पुटपुटणारे मूल पुटपुटू लागले, तर उतारा त्याला जड जात आहे असे समजावे आणि त्याला सोपा उतारा द्यावा. वेळ संपल्यावर पुस्तके मिटवून फळ्यावरच्या प्रश्नावर चर्चा करावी. एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता असतील, तर एका इयत्तेचे मूकवाचन चालू असताना दुसरीला शिकवता येते. पण ही चर्चा टाळली, तर ते मूकवाचन नुसते गप्प बसणे ठरते.

यानंतर शिक्षकाने आदर्श वाचन करावे आणि त्याची तयारी आदल्या दिवशी करावी. श्वास कुठे घ्यायचा हे फळ्यावरच दाखवावे: ‘पाऊस थांबला तसे / आजोबांनी कोपऱ्यातली काठी उचलली / आणि दऱ्या ओलांडत / ते वाडीकडे निघाले.’ हेच वाक्य ‘आजोबांनी कोपऱ्यातली / काठी उचलली आणि’ असे तोडून वाचून दाखवले की काय बिघडले ते मुले स्वतःच सांगतात. मराठीत लिपीवरून न कळणारे उच्चारही असतात. ‘या जगात प्रत्येकाला सुखाने जगायचे असते’ या वाक्यातला पहिला ज ‘जीवन’मधला आहे आणि दुसरा ‘जवळ’मधला, हा फरक मुलाला ऐकूनच कळतो.

मुले वाचू लागली की चूक कोणती आहे हे पाहूनच दुरुस्ती करावी. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारे मूल ‘डोळे’ऐवजी ‘डोये’ वाचेल. त्याला शब्द कळलेला असतो, म्हणून त्याला अडवू नये. प्रमाण उच्चाराचा सराव वाचन संपल्यावर सगळ्या वर्गाकडून करून घ्यावा. पण ‘दऱ्या ओलांडत’ऐवजी कुणी ‘दर्या ओलांडत’ वाचले, तर डोंगरातले आजोबा समुद्रावर पोहोचतात. तरीही लगेच टोकू नये. वाक्य पूर्ण होऊ द्यावे आणि ‘आजोबा काय ओलांडून गेले?’ एवढेच विचारावे. बहुतेक मुले मागे जाऊन स्वतःच चूक सुधारतात.

वेगाचा आग्रहही बेताने धरावा. मुलांचे पायाभूत वाचन आणि गणित पक्के व्हावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द हे उद्दिष्ट आहे, पण ते अर्थ समजून वाचण्याचे आहे. घड्याळ समोर ठेवले की मुले पूर्णविराम गिळतात, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या वर्गात सर्वांची पाळी येत नाही, म्हणून जोड्या कराव्यात. एकाने पाच ओळी वाचाव्यात आणि दुसऱ्याने पुस्तक मिटून ऐकाव्यात, मग काय ऐकले ते सांगावे. ऐकणाऱ्याला सांगता आले नाही, तर वाचणाऱ्याने त्याच ओळी जरा सावकाश पुन्हा वाचाव्यात, आणि मगच पाळी बदलावी.