सांबर-चितळांचा रानावरील परिणाम मोजण्यासाठी जोडप्लॉट कसे आखावेत

रानात जमिनीलगतची कोवळी रोपे दिसेनाशी झाली की दोष बहुधा सांबर-चितळांवर येतो. तो खरा असू शकतो, पण नुसत्या नजरेने तो सिद्ध होत नाही, कारण दाट सावली, वणवा, शेळ्यामेंढ्यांची चराई किंवा पावसाने दिलेली ओढ यांपैकी कशानेही रोपे मरतात आणि मेलेले रोप कारण सांगत नाही. हरणांचा वाटा वेगळा काढण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एकसारख्या जमिनीचे दोन तुकडे जवळजवळ निवडणे, त्यांतल्या एकाला कुंपण घालणे, दुसरा खुला ठेवणे आणि काही वर्षे दोन्हींची सारखीच नोंद करणे. परिसंस्थांचे अभ्यासक जगभर हीच पद्धत वापरतात, आणि सातारा-सांगलीच्या डोंगरांत महाविद्यालयीन गटालाही ती थोड्या खर्चात राबवता येते.

आपल्या भागात या मोजणीची गरज आहे. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य सुमारे ११ चौरस किलोमीटरचे आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडे लावून ते उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. कुंपणाच्या आत सोडलेली सांबरे आणि चितळे तिथे वाढली. तिथून पश्चिमेला, चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात प्रश्न उलटा आहे: वाघाला पुरेल इतके भक्ष्य रानात आहे का? एकाच जिल्ह्यात एकीकडे हरणे जास्त वाटतात आणि दुसरीकडे कमी, म्हणूनच सरसकट मत न देता प्रत्येक रानाची मोजणी स्वतंत्रपणे केली पाहिजे. शिकारी प्राणी नसेल तर काय होते याचे ठळक उदाहरण अंदमानात आहे. ब्रिटिश काळात तिथे आणलेल्या चितळांना खाणारा वन्य प्राणी नव्हता. त्यांनी जंगलाचा खालचा थर इतका विरळ केला की त्या थरावर जगणारे लहान जीवही कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले.

काम सुरू करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात संशोधनासाठी प्रवेश करायचा तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. प्रथमच हा अभ्यास करणाऱ्यांनी गावाजवळचे मालकी रान निवडावे आणि मालकाची लेखी संमती घेऊन वनरक्षकाला कल्पना द्यावी. देवराई निवडली तर गावकऱ्यांना आणि पुजाऱ्याला विचारल्याशिवाय एकही खांब रोवू नये.

प्लॉट पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असावा. जोडीतील दोन प्लॉटमध्ये दहा-पंधरा मीटरचे अंतर ठेवावे, मात्र उतार, माती, डोक्यावरची सावली आणि ओढ्यापासूनचे अंतर सारखे असावे. अशा किमान पाच-सहा जोड्या रानाच्या वेगवेगळ्या भागांत आखाव्यात. कोणत्या प्लॉटला कुंपण घालायचे हे नाणे उडवून ठरवावे, कारण स्वतः निवड केली की हात नकळत चांगल्या तुकड्याकडे वळतो आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. कुंपण घालण्यापूर्वीच दोन्ही प्लॉटमधील प्रत्येक रोप मोजून ठेवावे. ही पहिली नोंद करायची राहून गेली तर नंतर ती कोणत्याही उपायाने मिळवता येत नाही.

कुंपण दोन मीटर उंच, लोखंडी जाळीचे असावे. सांबर याहून उंच उडी मारू शकते, पण उतरायला जागा अपुरी असलेल्या लहान चौकोनात ते सहसा उडी घेत नाही. काटेरी तार वापरू नये. जाळीचा खालचा काठ जमिनीला घट्ट टेकवला तर ससा आणि पिसोरीही (सशाएवढा, हरणासारखा दिसणारा प्राणी) बाहेर राहतात, आणि तो वीत-दीड वीत वर ठेवला तर लहान प्राणी आत येऊन केवळ मोठे बाहेर राहतात. दोन्ही रचना योग्य आहेत, परंतु सर्व जोड्यांत एकच हवी. आतल्या बाजूने कुंपणालगतची अर्धा मीटर पट्टी मोजणीतून वगळावी.

मोजताना रोपांचे तीन गट करावेत: अर्ध्या मीटरपेक्षा लहान, अर्धा ते दोन मीटर आणि त्याहून उंच. हरणांचे तोंड साधारणपणे दुसऱ्या गटापर्यंत पोहोचते, त्यामुळे खरी कहाणी तिथेच दिसते. जांभूळ, ऐन, हिरडा, अंजनी अशी नोंद स्थानिक नावाने केली तरी चालते, पण सर्व मोजणाऱ्यांनी एका झाडाला एकच नाव दिले पाहिजे. रोपाला पातळ ॲल्युमिनिअमची क्रमांकपट्टी सैल बांधावी.

प्रत्येक रोपाचा शेंडा हातात घेऊन पाहावा. सांबर, चितळ आणि भेकर यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते फांदी हिरडीवर दाबून ओढतात, म्हणून तुटलेले टोक पिंजल्यासारखे दिसते आणि सालीचा धागा लोंबत राहतो. सशाला वरखाली धारदार दात असल्याने त्याने खाल्लेली डहाळी चाकूने कापल्यासारखी तिरकी आणि स्वच्छ असते. शेळीचा चावा मात्र हरणासारखाच असतो. त्यामुळे खुल्या प्लॉटमध्ये शेळ्या येत असतील तर पिंजलेल्या टोकावरून कोणताही निष्कर्ष काढू नये, तर खुरांचे ठसे आणि शक्य असल्यास स्वयंचलित कॅमेरा यांचा आधार घ्यावा. वारंवार खाल्लेले रोप खुजे आणि फुटव्यांनी दाट झालेले असते. गुडघ्याएवढे दिसणारे असे रोप कित्येक वर्षांचे असू शकते, म्हणून उंचीवरून वय ठरवू नये.

हरणांचा वावर समजण्यासाठी लेंड्या मोजाव्यात. खुंटीला १.७८ मीटरची दोरी बांधून फिरवली की १० चौरस मीटरचे वर्तुळ मिळते. डिसेंबरात ते झाडून स्वच्छ करावे आणि दोन महिन्यांनी जमलेले लेंड्यांचे ढीग मोजावेत. पावसाळ्यात ही मोजणी करू नये, कारण शेणकिडे आणि पाऊस लेंड्या भराभर नाहीशा करतात आणि वावर खोटाच कमी दिसतो.

रोपांची मोजणी ऑक्टोबरात आणि मेअखेरीस करावी, आणि किमान तीन वर्षे चालू ठेवावी. समजा, बंद प्लॉटमध्ये ४० रोपांची ५८ झाली आणि खुल्यात ३८ ची ३५ राहिली, तर त्या जोडीचा फरक २१ रोपांचा. असा फरक प्रत्येक जोडीचा काढून मग सरासरी घ्यावी. शेकडो रोपे मोजली म्हणजे शेकडो पुरावे मिळाले असे समजू नये. पुरावा जोड्यांच्या संख्येने ठरतो.

निकालाचा अर्थ लावताना रोपांच्या संख्येइतकेच जातींकडे लक्ष द्यावे. खुल्या प्लॉटमध्ये घाणेरी आणि रानमोडी ही हरणे सहसा टाळतात ती झुडपे वाढत असतील आणि चवीने खाल्ल्या जाणाऱ्या जाती घटत असतील, तर खाण्याचा ताण निवडक आहे, आणि तोच जैवविविधतेला अधिक बाधतो. त्याच वेळी हरणांना केवळ नासधूस करणारे मानणे चुकीचे आहे. चितळ, भेकर आणि पिसोरी आवळा खाऊन रवंथ करताना बी बाहेर टाकतात, असे भारतीय जंगलांतील अभ्यासांत दिसले आहे, म्हणजे आवळ्याचा प्रसार त्यांच्यावरही अवलंबून आहे. बंद प्लॉटमध्ये तीन वर्षांनी एखाद्या जातीचे नवे रोप आलेच नाही, तर ही बाजूही तपासावी. पठारावर तर अधिक सावध राहावे. कासला कुंपण घातल्यानंतर चराई थांबून गवत वाढले आणि फुले घटली, अशी चिंता व्यक्त झाली होती, आणि पुढे ते कुंपण काढण्यात आले. म्हणून सड्यावरचे, म्हणजे अशा खडकाळ पठारावरचे, निष्कर्ष रानाला किंवा रानाचे सड्याला लावू नयेत.

अभ्यास संपल्यावर जाळी आणि तार शेवटच्या तुकड्यापर्यंत मोजून परत आणावी, कारण रानात राहिलेल्या तारेची फासकी होते. जोडीनिहाय आकडे, नकाशा आणि छायाचित्रे यांची एक प्रत जमीनमालकाला, एक ग्रामपंचायतीला आणि एक परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी. खांबांच्या जागी दगडी खुणा ठेवल्या, तर पाच-दहा वर्षांनी दुसऱ्या गटाला त्याच चौकोनांची फेरमोजणी करता येईल.